सातव्या पानावरची ओळ

आमच्या आर्मेनियात जुन्या काळी पोथी लिहिणारा माणूस शेवटच्या पानावर पोचला की त्याची जीभ सुटायची. साडेतीनशे पानं त्यानं मान खाली घालून देवाचं वचन उतरवलेलं असायचं; आता उरलेलं दीड पान त्याचं स्वतःचं. मग तो लिहिणार, मी पापी, मी आळशी, माझ्या हाताला वळण नाही, थंडीनं शाई गोठत होती, चुका पदरात घ्या. आणि मग नावं. कातडं कमावणाऱ्याचं नाव, कागद घोटून गुळगुळीत करणाऱ्याचं, रोज मसुराचं कालवण आणून देणाऱ्या विधवेचं आणि तिच्या मेलेल्या लेकाचं. एका बहाद्दरानं मठातल्या गाढवालाही जागा दिली आहे, कारण सरपण त्यानं वाहिलं होतं. शेवटी विनवणी असते: हे वाचणाऱ्या, एवढ्यांची आठवण ठेव, म्हणजे देव तुझी ठेवील.

या शेवटच्या पानांवर मी चाळीस वर्षं पोट भरलं. येरेवानमध्ये हस्तलिखितांच्या एका संग्रहात मी नोकरीला होतो. नुसत्या कागद घोटणाऱ्यांची दोनशे अकरा नावं मी गोळा केली. चित्रकार सोडून कागद घोटणाऱ्या माणसाचं काय कौतुक, असं कुणी म्हणालं की मी भांडायला उठायचो. सभेत टेबलावर मूठ आपटून सांगायचो की नाव गाळणं हे पान फाडण्याइतकंच मोठं पाप आहे. आणि ज्या एका बाईचं नाव लिहिणं फक्त माझ्या हातात होतं, तेवढं मी लिहिलं नाही. तिचं नाव हायकानुश.

आमच्या पोथ्यांमधला लाल रंग एका किड्याचा. आराक्स नदीच्या काठी खारवट दलदल आहे, तिथल्या गवताच्या मुळांवर तो राहतो आणि शरद ऋतूत महिनाभर बाहेर येतो. आठशे वर्षांपूर्वीचा लाल आजही पानावर ओला असल्यासारखा दिसतो. पण तो कसा करायचा हे लोक विसरून गेले होते. जुन्या नोंदींत रीत होती, अर्धीच. ती पुरी करून दाखवायची असा मी चंग बांधला होता. वय छत्तीस, डोक्यात हवा, आणि पदवीचा प्रबंध तीन वर्षं रखडलेला.

सप्टेंबरात एका सकाळी मी त्या दलदलीत गुडघे टेकून बसलो होतो. तासभर शोधलं, एक किडा नाही. मागून गाई आल्या आणि गाईंमागून एक रुंद बाई आली. अंगात पुरुषाचा कोट, पायात रबरी बूट, हसली की दोन सोन्याचे दात दिसायचे.

"काय हरवलं, जान?" आमच्याकडच्या बाया लेकराला काय, परक्याला काय, मायेनं जानच म्हणतात.

"लाल किडे शोधतोय."

"सरकार पगार देतं याचा?"

"देतं."

"तरीच दहा वाजता उगवलास. ते बिचारे पहाटेच उठून कामं उरकतात. त्यांना कुठला पगार!"

ती सामुदायिक गोठ्यात दूध काढायची. दुसऱ्या दिवशी तिनं मला पहाटे नेलं. खाऱ्या मातीवर वाटाण्याएवढे लाल थेंब चालत होते. मी खिशातून बारीक चिमटा बाहेर काढला तर ती म्हणाली, "बायकोची भुवई कोरतोयस का?" आणि ओंजळीनं भरायला लागली. तीन तासांत तिनं डबा भरला. मी तळ झाकला.

असे तीन शरद गेले. मी उतरायचो तिच्याच घरी. घरात ती, तिची सून क्नारिक, आणि महिनामहिना ट्रक घेऊन फिरणारा मुलगा. क्नारिक जिभेनं तिखट. मी दिसलो की ओरडायची, "आई, तुमचा किडेवाला पंडित आला, किडे ठेवायला बाथटब कोंबड्यांकडून मोकळा करा." मग लवाशची पातळ रोटी, चीज, ताक, ओंजळभर हिरवा पाला समोर यायचा आणि मी हावऱ्यासारखा जेवायचो. मी पैसे काढले की हायकानुशमावशी माझा हात झटकायची. "ठेव ते. उद्या बूट घे, या बुटांना लाज आहे का काही?"

लाल मात्र हाती येत नव्हता. किडे वाळवले, कुटले, उकळले, गाळले. रंग सुरेख दिसायचा आणि कातड्याच्या पानावर लावला की तेलकट होऊन सरकायचा. किड्याच्या अंगात चरबी फार. ती काढायला प्रयोगशाळेत आम्ही नाना औषधं वापरली. चरबी जायची, तिच्याबरोबर रंगही जायचा.

चौथ्या वर्षी जानेवारीत मी एक फसलेली बाटली खिशात घालून तिच्याकडे गेलो. कामासाठी नाही, खरं सांगायचं तर रडायला. तो खाशचा दिवस होता. गाईचे पाय रात्रभर शिजत ठेवायचे आणि सकाळी लसूण चोळून, सोबत तुतीची दारू घेत खायचं, हे आमचं हिवाळ्यातलं व्रतच. मावशीनं आदल्या दिवशीचं उरलेलं एक पातेलं ओसरीवरून आत आणलं. गारठ्यानं वर पांढरी जाड वडी धरली होती. तिनं सुरीनं कडा सोडवली, अख्खी वडी उचलून कुत्र्याला टाकली, आणि माझ्या बाटलीकडे बघत म्हणाली, "याला चरबी नडतेय ना? मग चरबी काढ की. घरी खाश करतोस ना?"

"बायको करते."

"तरीच."

तिनं माझे उरलेले किडे मागून घेतले. लोकर धुवायचं फेसाचं मूळ असतं, त्याचा तुकडा ठेचून पाण्यात टाकला, किडे टाकले, हलकेच उकळलं आणि पातेलं छपरावर बर्फात ठेवून दिलं. "हे मूळ लोकरीची चरबी सोडवतं, तर किड्याची का नाही सोडवणार? आजी लोकर रंगवताना काहीतरी असंच करायची. मी तेव्हा शेळ्यांच्या मागं होते, नीट बघितलं नाही." दुसऱ्या सकाळी पातेल्यावर पातळ पांढरा पापुद्रा होता. तिनं तो दोन बोटांनी उचलला. खाली होता तो लाल. मी तो तिच्या टेबलावरच कातड्याच्या तुकड्यावर लावला. सरकला नाही. वाळल्यावर मी नखानं खरवडलं, निघाला नाही. मी त्या बाईला उचलायचा प्रयत्न केला आणि माझी पाठ धरली. क्नारिक हसून हसून भिंतीला टेकली.

त्या दिवशी मी म्हणालो, "मावशी, माग काय हवं ते."

तिनं एप्रनला हात पुसले. मग म्हणाली, "तू सांगतोस ना, ते जुने लोक शेवटी नावं घालायचे. कालवण आणणाऱ्या बाईचंसुद्धा. तुझ्या पुस्तकात तसं घालतात का?"

"का नाही? तुझं नाव तर पहिलं."

"माझं नाही घातलंस तरी चालेल. सेद्राकचं घाल."

सेद्राक तिचा नवरा. तिच्या अंगातला कोट त्याचाच. बेचाळीस साली लढाईवर गेला आणि कागद आला, बेपत्ता. मेला असता तर गावच्या स्मारकाच्या दगडावर नाव कोरलं असतं. बेपत्ता म्हणजे कदाचित शत्रूच्या हाती लागला असेल, आणि त्या काळी तशा माणसांची नावं दगडावर घेत नसत. गावात असे अकरा जण होते. त्यांना थडगं नाही, दगड नाही, मेणबत्ती लावायला जागा नाही. "छत्तीस वर्षं झाली, जान," ती म्हणाली. "त्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. हायकानुश आणि तिचा सेद्राक, एवढं घाल. मग मी बघते देव कसा विसरतो ते."

मी छातीला हात लावून शब्द दिला. तिनं माझं डोकं दोन्ही हातांत धरून म्हटलं, "तुझी इडापिडा मला लागू दे."

आता ऐका मी काय दिवे लावले ते.

लेख रशियन भाषेत, मोठ्या नियतकालिकासाठी होता. मी टंकलेखन यंत्रावर वाक्य लिहिलं: ही रीत हायकानुश या दूध काढणाऱ्या बाईंनी सुचवली, त्यांचे पती सेद्राक यांच्यासह त्यांची येथे कृतज्ञतेने नोंद करतो. लिहिलं, वाचलं, आणि मला एक मोठं सभागृह दिसायला लागलं. पुढच्या रांगेत चष्मेवाले बसलेत, आणि एक जण दुसऱ्याच्या कानात म्हणतोय, ऐकलंत का, आर्मेनियात विज्ञान खाशच्या पातेल्यात शिजतं. मी कागद काढला. नवा घातला. त्यावर लिहिलं: प्रदीर्घ प्रयोगांनंतर लेखकास असे आढळून आले.

मला कुणी सांगितलं नव्हतं. साहेबानं दटावलं नव्हतं, संपादकानं कापलं नव्हतं. असं काही झालं असतं तर आज किती बरं वाटलं असतं! त्या संध्याकाळी मी मनाची समजूत घातली की पुढं पुस्तक होईल, त्यात सविस्तर घालू. पुस्तकही झालं, पाच वर्षांनी. पण त्यात बाईचं नाव घालायचं तर आधी लिहिलेलं खोटं होतं हे कबूल करावं लागणार होतं. एकदा गिळलेलं नाव दुसऱ्यांदा सहज खाली उतरतं.

पण पुस्तकाच्या आधी जे घडलं ते सांगायलाच हवं, नाहीतर या कागदाला काही अर्थ नाही. लेख छापून आला. त्याच्या सुट्या प्रती मिळाल्या, निळं मुखपृष्ठ, बारा पानं. एक मी तिला द्यायला गेलो. का गेलो कुणास ठाऊक. बहुधा कौतुक करून घ्यायला. तिनं आधी हात धुतले, मग पुसले, मग पुन्हा धुतले. दोन्ही तळव्यांवर प्रत घेतली. आमची अक्षरं तिला बोट ठेवून वाचता यायची, चार इयत्ता झाल्या होत्या. रशियन अक्षर एकही येत नव्हतं.

"कुठं आहे?" तिनं विचारलं.

तेव्हा बोलता आलं असतं. मावशी, चुकलो, इतकंच. ती शिव्या देऊन मग जेवायला वाढणारी बाई होती. मी पान उलटलं, सातवं, आणि मधल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे. इथं."

त्या ओळीत लिहिलं होतं: नमुने सूक्ष्मदर्शकाखाली चारशे पट मोठे करून पाहण्यात आले.

"यातलं सेद्राक कुठलं?"

मी बोट थोडं उजवीकडे सरकवलं. तिनं वाकून त्या जागेला ओठ लावले. चुलीपाशी क्नारिक पाठमोरी उभी होती. पातेल्यात पळी फिरत होती, ती थांबली. मग पुन्हा फिरायला लागली.

आमच्या खेड्यापाड्यांत ज्या घरात जुनी पोथी असते तिथं तिला घरचा संत म्हणतात. रेशमी रुमालात गुंडाळून भिंतीच्या कोनाड्यात ठेवतात, मेणबत्ती लावतात, आजारी पोराच्या उशाखाली ठेवतात, चित्रातल्या संताच्या पायांना ओठ लावून लावून रंग उडवतात. मी संग्रहातर्फे गावोगाव जाऊन अशा लोकांना दटावत असे. बायांनो, ओठांच्या ओलाव्यानं रंग जातो, मेणानं पान जळतं. यावर माझं एक छापील पत्रकही होतं, आमच्या अक्षरांत, ठळक टाइपात.

पुढच्या शरदात गेलो तर हायकानुशच्या कोनाड्यात हिरव्या रुमालात काहीतरी होतं. पुढं मेणबत्त्यांचे बुडखे. मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं. "बाकीच्या दहाजणीही येतात. मी त्यांना सांगितलं, सेद्राक एकटा का राहील? ते सगळे बरोबरच गेले होते, एकाच गाडीत. त्यांचीही नावं तिथंच आहेत असं समजा. चालेल ना, जान? तुला विचारायचं राहून गेलं."

मी म्हणालो, चालेल.

त्यानंतर मी जाणं कमी केलं. मग बंदच. किडे आणायला दुसऱ्यांना पाठवायचो. ते परत येऊन सांगायचे, मावशी विचारत होती, पंडिताच्या बुटांचं काय झालं. मी नवे बूट घेतले होते. पदवी मिळाली होती. परदेशी पाहुणे यायचे, मी त्यांना तो लाल दाखवायचो, आणि पाठोपाठ एखाद्या पोथीचं शेवटचं पान उघडून कालवण आणणाऱ्या विधवेचं नाव मोठ्यानं वाचायचो. पाहुण्यांचे डोळे भरायचे. माझेही भरायचे, हे आणखी वाईट.

एकोणनव्वदच्या वसंतात ती गेली. मला कळलं तेव्हा चाळिसावा उजाडला होता, आमच्याकडे गेलेल्याच्या नावानं जेवण घालतात तो दिवस. मी एक गोष्ट ठरवून निघालो. तिच्या रीतीनं केलेला लाल एका शिंपल्यात घेतला, पिसाची लेखणी घेतली. जुन्या पोथ्यांत मागाहून आलेले लोक समासात नावं घालतातच. मी त्या प्रतीत, सातव्या पानावर, आमच्या अक्षरांत तिचं आणि सेद्राकचं नाव घालणार होतो. बाकीच्यांची तिथं विचारून अकराच्या अकरा घालणार होतो. रस्ताभर मला फार हलकं वाटत होतं. मी मनातल्या मनात स्वतःला माफही करून टाकलं होतं.

अंगणात टेबलं मांडली होती. क्नारिकनं मला घराच्या मागं नेलं. तिचे केस पांढरे झाले होते.

"या, विद्वान. वाट सापडली?"

मी शिंपला काढून दाखवला आणि अडखळत सांगायला लागलो. तिनं हात वर केला.

"मला रशियन येतं. आठवीपर्यंत शिकलेय. तुम्ही त्या दिवशी फाटकाबाहेर पडायच्या आत मी वाचलं होतं. चारशे पट मोठे करून." तिनं ते शब्द रशियनमध्येच म्हटले, स्पष्ट.

"मग तू तिला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? छत्तीस वर्षं तिला नवरा ठेवायला जागा नव्हती. तुम्ही दिलीत, खोटी का होईना. मी ती काढून घेतली असती तर माझ्यात आणि तुमच्यात फरक काय राहिला असता?"

"म्हणून तर आलोय. आता लिहितो. खरी नावं..."

"हात लावाल तर बोटं मोडीन." ती ओरडली नाही. "मरताना आईचे ओठ त्या ओळीवर होते. बाहेर सहा म्हाताऱ्या बसल्यात, त्यांचे नवरे त्या ओळीत आहेत. तुम्ही आज तिथं नवं काही लिहिलंत तर त्या विचारतील, मग आधी काय लिहिलं होतं? काय सांगाल? सूक्ष्मदर्शक?" तिनं माझ्या हातातला शिंपला घेतला, पायरीवर ठेवला. "तुमचं मन हलकं करायची ही जागा नव्हे. आत चला. सगळे ओठ लावताहेत, तुम्हीही लावा."

आत कोनाड्यापुढं रांग होती. मी सगळ्यांच्या मागं उभा राहिलो. पुढची म्हातारी वळली, मला ओळखलं आणि सगळ्यांना सांगायला लागली, "अगं, हाच तो! यानंच आपल्या माणसांना पुस्तकात घातलं. पुढं हो, जान, पुढं हो. देव तुझी लेकरं राखो." सहाजणींनी मला हातांनी ढकलत पुढं नेलं. एकीनं जाता जाता माझ्या खांद्याला ओठ लावले. मला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. जमिनी तशा कुणाच्या सोयीनं दुभंगत नाहीत.

हिरवा रुमाल उलगडलेला होता. सातवं पान काळपट आणि पारदर्शक झालं होतं, कडेला मेणाचे ओघळ. ओळ जवळजवळ नाहीशी झाली होती. "चारशे" एवढा एकच शब्द वाचता येत होता. ज्या माणसानं पत्रक काढलं होतं, पानांना ओठ लावू नका, तो मी वाकलो आणि सूक्ष्मदर्शकाच्या ओळीला ओठ लावले. पानाला दुधाचा आणि मेणाचा वास येत होता.

मी उठलो तेव्हा दारात क्नारिक उभी होती. तिनं मला पाणी दिलं नाही, पण जेवायला बसवलं.

आता माझं वय ब्याऐंशी. पुस्तकाच्या पाच आवृत्त्या निघाल्या, रीत अजून माझ्याच नावावर चालते. गेल्या हिवाळ्यात क्नारिक गेली आणि त्या म्हाताऱ्या तर केव्हाच गेल्या, म्हणजे खरं सांगितल्यानं आता कुणाची जागा हिरावली जाणार नाही. म्हणून हे लिहितो आहे. मी तेवढीच वाट बघत होतो की मला अजूनही धीर होत नव्हता, हे माझं मलाच कळत नाही.

हे वाचणाऱ्या, हायकानुशची आठवण ठेव. लाल रंगाची हरवलेली रीत तिनं खाशच्या पातेल्यावरून शोधली. तिच्या सेद्राकची ठेव, तो लढाईवर गेला आणि परतला नाही. त्याच्याबरोबर त्याच गाडीत गेलेल्या दहाजणांची ठेव. त्यांची नावं मी कधी विचारली नाहीत. क्नारिकची ठेव, तिला वाचता येत होतं.

शेवटी लिहिणाऱ्यानं आपलं नाव घालायची रीत आहे. ती जागा मी मोकळी सोडली आहे.